अकरा खुंट्या

पत्र्याच्या खोलीत अकरा खुंट्या,
अकरा बेल्ट. माणसं एकोणीस.
हा हिशेब मी रोज सकाळी सातला मांडते,
इथं एल आल्तोच्या पठारावर, जिथं सातला अजून
पाण्याच्या पिंपावर बर्फाची साय असते
आणि सिमेंटची गोणी थोपटावी लागते जागं केल्यासारखी.

वर चढणाऱ्यांना आधी, असा नियम.
पण वर चढणारेच चौदा.
उरलेल्यांना मी दोरी देते
आणि एक शब्द: जपून.
शब्दाला बकल नसतं.

मी बासिलिया तार्की. सहा वर्षं फरशा कापल्या.
डाव्या हाताची दोन बोटं त्या यंत्रानं घेतली
तेव्हा कंत्राटदार म्हणाला, बाई, तुला बसायचं काम देतो.
भरपाई म्हणजे ही खुर्ची, ही वही:
नाव, नंबर, सही.
ज्यांना लिहिता येत नाही ते अंगठा उठवतात,
मी उरलेल्या बोटांनी पान धरून ठेवते.
वाऱ्याला इथं वाचायची फार घाई.

पाया खणला तेव्हा यातिरी आला होता.
लामाचं वाळलेलं पिल्लू, रंगीत लोकर, साखरेच्या वड्या,
सगळं पाचामामाच्या पोटात ठेवलं, वर दारू शिंपडली.
जमीन खूश आहे, म्हणाला.
असेलही. जमिनीबद्दल माझी तक्रार नाही.
सेवेरिनो जमिनीतून पडला नाही,
चौथ्या मजल्यावरून पडला,
नाचघराच्या पोपटी खिडकीपाशी,
जिथं मालकाला लग्नं लावायचीत, बँड बसवायचाय,
आणि त्याच्याही वर स्वतःचं घर बांधायचंय.

मंगळवार. दहा वाजून गेले होते.
आवाज फार मोठा नव्हता.
आधी घमेलं आलं खाली, मग तो.
वरून केबल कार जात होती, लाल,
आतली माणसं काचेला नाक लावून
इल्लिमानीचा बर्फ बघत होती.

संध्याकाळी मुकादम दोन वाल्दो
माझ्या टेबलावर कोकाची पिशवी ठेवून बसला.
पानं मऊ होती, बोलणंही.
लिही, म्हणाला. सेवेरिनो कोंदोरी, बेल्ट नंबर सात, घेतला.
अडकवला नाही, ही त्याची चूक.
अंगठा मी बघतो.

आता खरं सांगते.
वर अकरा म्हटलं ना मी, ते खोटं.
बेल्ट दहाच होते.
साताची शिवण मार्चमध्येच उसवली,
मी सांगायला गेले तर म्हणाले, शिवून टाक,
गोण्या शिवायची सुई आहे ना तुझ्याकडे?
शिवला नाही. टाकलाही नाही.
खुंटीवर राहू दिला,
कारण तपासायला येणारा साहेब खुंट्या मोजतो, शिवण नाही.
मार्चपासून रोज सकाळी वहीच्या डोक्यावर
मी अकरा लिहीत आले.
माझंच अक्षर. छान वळणदार.

दवाखान्यात निकोलासा त्याचे पाय चोळत बसली होती.
चोळलेलं त्याला कळत नव्हतं,
म्हणून ती अधिकच जोरात चोळत होती.
तो माझ्याकडे बघून म्हणाला,
ताई, खिडकीखालचं प्लास्टर अर्धं राहिलंय.
कुणाला तरी पाणी मारायला सांग,
ऊन लागलं की तडकेल.

सांगते म्हटलं.
खरंच सांगितलं. पाणी मारलं.
प्लास्टर बरं बसलंय.

रात्री वही उघडली.
बॉलपेन थंडीनं उमटेना, तोंडाची वाफ दिली.
त्या दिवसाच्या पानावर, सेवेरिनोच्या नावापुढे:
दोरी.
खाली: क्रमांक सात मार्चपासून फाटका.
त्याखाली: हे मला माहीत होतं.
सही केली. शेजारी अंगठाही उठवला,
कुणी म्हणायला नको की अक्षर माझं नाही.

पान फाडता येतं, ते मलाही कळतं.
म्हणून आणखी एकदा उतरवलं, दुसऱ्या कागदावर,
आणि स्कर्टच्या सातव्या घडीत शिवलं,
गोण्या शिवायच्या त्याच सुईनं.

सकाळी सातला दार वाजलं.
नवा पोरगा, ओठ थंडीनं फुटलेले,
सेवेरिनोच्या जागी.
त्यानं सात नंबरच्या खुंटीकडे बोट दाखवलं:
हा कुणी घेतला नाही का अजून?